चुलीपाशी निजणारे मांजर

नागपूरच्या उत्तरेस, कन्हान नदीच्या काठी, खापा नावाचे जुने गाव आहे. सावनेर तालुक्यातील हे गाव विणकरांचे म्हणून ओळखले जाते. कोष्टी समाजाच्या हातमागांवर येथे पिढ्यान् पिढ्या लुगडी विणली गेली. १८६७ साली येथे नगरपालिका स्थापन झाली, म्हणजे विदर्भातील अगदी जुन्या नगरपालिकांत खाप्याची गणना होते. जवळच गुमगावची मँगनीजची खाण आहे, भोवती कापसाची शेते आहेत. अशा गावाचा इतिहास लिहू पाहणारा मनुष्य मागांविषयी, खाणीविषयी आणि नदीच्या पुरांविषयी लिहील. आम्ही मात्र येथे अशा एका रहिवाशाविषयी लिहिणार आहोत की ज्याचे नाव नगरपालिकेच्या कोणत्याही नोंदवहीत कधी चढले नाही. तो रहिवासी म्हणजे मांजर.

विषय क्षुल्लक वाटेल. परंतु दिवाळी सरली, नदीवरून गार वारा येऊ लागला की हा क्षुल्लक विषय खाप्यातच नव्हे, तर विदर्भातल्या कितीतरी घरांत दरवर्षी उभा राहतो. पावसाळ्याच्या अखेरीस माळ्यावर, लाकडांच्या ढिगात किंवा बंद पडलेल्या मागाखाली मांजरी व्यालेली असते. तिची पिल्ले आईचे दूध सोडून अंगणात हिंडू लागतात तो थंडी दाराशी येते. वैदर्भीय उन्हाळ्याची ख्याती सर्वत्र आहे, येथील थंडीची तितकी नाही. पण २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, हे विसरून चालणार नाही. अशा रात्री उघड्यावर पडलेले दोन-अडीच महिन्यांचे पिल्लू सकाळी जिवंत सापडेलच असे नाही.

मग घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, "या पिल्लांचे करायचे काय?" उत्तरे तीन. ठेवून घ्यायची, कोणाला तरी द्यायची, किंवा पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यायची. तिसरे उत्तर सर्वांत सोपे, आणि म्हणूनच फार वेळा दिले जाणारे. पूर्वीच्या काळी हा प्रश्न इतका अवघड नव्हता, असे आम्हांस वाटते. तो अवघड केव्हा झाला आणि का झाला, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

कणगी, माग आणि चूल

मांजराचे माणसाशी असलेले नाते धान्यापासून सुरू झाले. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला. धान्यामागून उंदीर आले आणि उंदरांमागून मांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले आढळले, हे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले आणि ही सोबत किती जुनी आहे याची जगाला कल्पना आली. गाईप्रमाणे मांजराला कोणी दावणीला बांधले नाही, कुत्र्याप्रमाणे शिकारीस नेले नाही. ते आपण होऊन आले आणि उपयोगी पडले म्हणून राहिले.

महाराष्ट्रातल्या जुन्या घरात त्याची जागा ठरलेली होती. वर्षभराची ज्वारी कणगीत किंवा कोठीत, जास्तीचे धान्य जमिनीखालच्या पेवात. कवेलूंच्या छपराखाली माळा, माळ्यावर डाळी, चिंच, लसणाच्या जुड्या. उंदरांना यापेक्षा मोठी मेजवानी कोणती? विणकराच्या घरात तर धान्याखेरीज आणखी एक धन होते, ते म्हणजे सूत. सुताला बळकटी यावी म्हणून ताण्याला पिठाची खळ लावतात. खळ लावलेला, वाळलेला ताणा म्हणजे उंदरांच्या दृष्टीने खाऊच. रात्रीतून चार धागे कुरतडले गेले की विणकराचा दुसऱ्या दिवसाचा वेळ गाठी मारण्यात जायचा. त्यामुळे कोष्ट्याच्या घरातले मांजर हे लाडाचे जनावर नव्हते. ते घराच्या मिळकतीचे राखणदार होते.

त्याला मिळणारी मजुरी म्हणजे ताकाचे चार थेंब, भाकरीचा तुकडा आणि हिवाळ्यात चुलीशेजारची जागा. रात्री जेवणे उरकली, विस्तव राखेखाली झाकून ठेवला की मांजर येऊन त्या उबेला अंग मुडपून निजायचे. सकाळी चूल सारवताना गृहिणी त्याला हुसकून लावी. राखेने माखलेले अंग झटकत ते ओसरीवरच्या उन्हात जाई. त्याच्यासाठी कोणी वेगळे अंथरूण केले नाही, कारण तशी गरजच नव्हती. घराची जी ऊब होती, तीत त्याचा वाटा होता.

आपल्या भाषेतही हे सहजीवन उमटले आहे. शिंके तुटले आणि बोक्याचे फावले, असे आपण म्हणतो. म्हणजे शिंके टांगायचे ते बोक्याच्या धाकाने, पण बोका घरात असणार हे गृहीतच. मांजरी आपली पिल्ले सात घरे फिरवते, हीही जुनी समजूत. एका घरची मांजरी दुसऱ्या घरच्या माळ्यावर व्याली तरी कोणी तक्रार करीत नसे. मांजर मारले तर प्रायश्चित्त म्हणून सोन्याचे मांजर दान द्यावे लागते, असा धाक वडीलधारी माणसे मुलांना घालीत. पिल्लू हवे असेल तर ते शेजारच्या गल्लीतून मागून आणायचे. त्याचा पैसा द्यायचा-घ्यायचा नाही. थोडक्यात, पिल्लांना घर शोधण्याचे काम गावाच्या रीतीनेच होत असे. ज्याच्या घरी उंदीर, तो आपणहून विचारीत यायचा.

या चित्राला दुसरी बाजूही होती. मांजर आडवे गेले म्हणून निघालेला माणूस परत फिरायचा, आणि काळ्या मांजराच्या वाट्याला दगड यायचे. तेव्हाही नकोशी पिल्ले वेशीबाहेर सोडली जातच होती. जुना काळ म्हणजे सगळा दयेचाच काळ, असा आमचा दावा नाही. परंतु त्या काळी मांजर घरात असण्याला कारण होते, आणि त्या कारणाने पुष्कळ पिल्ले जगत.

प्लेग आणि अमरावतीचे सिव्हिल सर्जन

हे कारण किती मोलाचे होते, याची साक्ष विदर्भाच्याच इतिहासात मिळते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला आणि पुढील काही वर्षांत तो देशभर पसरत मध्य प्रांत-वऱ्हाडापर्यंत येऊन पोहोचला. गावात उंदीर पडू लागले की माणसे घरदार सोडून रानात झोपड्या घालून राहत. रोग कसा पसरतो याविषयी आरंभी मोठा गोंधळ होता. १८९८ साली कराचीत काम करणारे फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरील पिसू हा दुवा असल्याचे दाखविले. पण त्यांचे म्हणणे लगेच कोणी मानले नाही. पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत १९०५ नंतर झालेल्या प्रयोगांनी ते सिद्ध झाले. प्लेगाने उंदीर मरतो, त्याच्या अंगावरच्या पिसवा उपाशी पडतात आणि माणसाला चावतात. मग उंदीर कमी झाले तर प्लेगही कमी होईल, हे उघड होते. ते कमी कसे करायचे, याविषयी मात्र मतभेद होते. सरकारने पिंजरे लावले, विषे घातली, मेलेल्या उंदरांमागे पैसे दिले.

याच सुमारास अमरावतीस लेफ्टनंट-कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन नावाचे सिव्हिल सर्जन होते. त्यापूर्वी नागपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात अधीक्षक असताना त्यांनी हिवतापाचा अभ्यास केला होता. त्यांनी एक साधी गोष्ट केली. अमरावतीच्या आसपासच्या खेड्यांत त्यांनी मांजरे मोजली. कोणत्या गावात घरे किती, मांजरे किती, आणि प्लेग आला की नाही, याचा त्यांनी मेळ घातला. जेथे मांजरे पुष्कळ, तेथे प्लेग नाही किंवा थोडा, असे त्यांना आढळून आले. हे निरीक्षण त्यांनी १९०८ साली इंग्लंडातील 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडले, आणि घरोघर मांजर पाळणे हा प्लेगाविरुद्ध स्वस्त व सर्वांना परवडणारा उपाय आहे, असे आग्रहाने सांगितले. क्षयाच्या जंतूचा शोध लावणारे जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनीही हा विचार उचलून धरला. १९०८ साली ते जपानला गेले तेव्हा तेथेही त्यांनी मांजरे पाळण्याचा सल्ला दिला.

वऱ्हाडातल्या एखाद्या खेड्यात सरकारी डॉक्टर घोड्यावरून येतो आणि "तुमच्या घरी मांजरे किती?" असे विचारतो, तेव्हा लोकांना काय वाटले असेल, याची कल्पना करून पाहावी. माणसांची शिरगणती लोकांना ठाऊक होती, जनावरांचीही होती. मांजरांची मात्र ही पहिलीच असावी. ज्या प्राण्याची नोंद कोणी ठेवली नव्हती, त्याची नोंद रोगाच्या भीतीने घेतली गेली.

आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात या सिद्धान्ताला मर्यादा आहेत, हेही सांगणे आवश्यक आहे. मांजराला स्वतःलाही प्लेग होऊ शकतो, आणि ते आजारी मांजर माणसाला रोग देऊ शकते, हे पुढे स्पष्ट झाले. ब्यूकॅनन यांची मोजणी आजच्या कसोट्यांना पुरी पडणार नाही. प्लेग आटोक्यात आला तो स्वच्छता, कीटकनाशके, औषधे आणि बदललेली घरे या सर्वांमुळे. तथापि, गृहिणीने चुलीशेजारी दिलेल्या जागेला शास्त्राचा पाठिंबा मिळण्याचा तो प्रसंग होता, आणि तो आपल्याच भूमीत घडला. विदर्भाच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याला चार ओळी मिळायला हरकत नाही.

याच संदर्भात युरोपातील एका प्रचलित कथेचाही उल्लेख करावासा वाटतो. पोप नववे ग्रेगरी यांनी १२३३ साली लिहिलेल्या एका पत्रात एका कथित पाखंडी पंथाच्या विधींचे वर्णन येते आणि त्यात काळ्या मांजराचा उल्लेख आहे. त्या पत्रामुळे युरोपभर मांजरांची कत्तल झाली आणि म्हणूनच शंभर वर्षांनी तेथे प्लेगाने थैमान घातले, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. अशा सार्वत्रिक कत्तलीचा पुरावा मात्र उपलब्ध नाही. उलट, इंग्लंडातील एक्झिटरच्या कॅथेड्रलच्या हिशेबांत चौदाव्या आणि पंधराव्या शतकांत मांजराच्या खर्चासाठी आठवड्याला एक पेनी लावल्याच्या नोंदी आहेत, आणि मांजराला जाता-येता यावे म्हणून दाराला पाडलेले भोक तेथे आजही दाखवतात. काळ्या मांजराविषयी भय बाळगणारे लोक त्या काळी होते, तसे आजही आपल्यात आहेत. पण त्याच काळात देवालयातले मांजर पगारी होते, हे आपण ध्यानात ठेवावे.

राखणदाराची चाकरी सुटते

मग हा पगारी राखणदार बेकार केव्हा झाला? त्याला एक तारीख देता येणार नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत हे हळूहळू घडले. वर्षाचे धान्य एकदम भरण्याची पद्धत मागे पडली. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले, सरकारी गोदामे उभी राहिली, शिधापत्रिकेवर महिन्याचे धान्य मिळू लागले. कणगी अडगळीत गेली आणि तिच्या जागी पत्र्याची झाकणबंद कोठी आली. यंत्रमागांपुढे हातमाग थकले. विणकराचा मुलगा कामासाठी नागपूरला जाऊ लागला. कवेलूंच्या जागी स्लॅब आला आणि माळा नाहीसा झाला. उंदरांसाठी बाजारात विषारी औषधे मिळू लागली. विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरेही मरू लागली. शेवटी चूलही गेली. गॅसची शेगडी आधी शहरात, मग गावात आली. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने ती गरिबांच्या घरीही पोहोचविली. धुरापासून आपल्या आया-बहिणींची सुटका झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. पण गॅसच्या ओट्याखाली राख नसते. रात्री जेवणे झाली की ओटा थंड पडतो, आणि मांजराला दाराबाहेर ठेवून दार लावले जाते.

धान्य, उंदीर आणि माणसाचे घर यांचा संबंध मात्र संपला नव्हता. त्याची आठवण महाराष्ट्राला १९९४ साली झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर शेजारच्या बीड जिल्ह्यातही अनेक लोक भीतीने घरे सोडून बाहेर राहू लागले, पण धान्य मागे राहिले. ओस पडलेल्या घरांतल्या त्या धान्यावर उंदीर माजले, असा अंदाज तज्ज्ञांनी पुढे मांडला. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी प्लेगाची लागण दिसून आली आणि त्यापाठोपाठ सप्टेंबरात सुरतेत हाहाकार उडाला. त्या महिन्यात तोंडाला रुमाल बांधून फिरणारी माणसे आमच्या पिढीच्या वाचकांना आठवत असतील. घर ओस पडले की काय होते, याचा तो मोठा धडा होता. धोका टळल्यावर आपण तो विसरलो.

पांजरपोळात मांजराला जागा नव्हती

येथे वाचक विचारतील की, बेवारस जनावरांसाठी आपल्याकडे संस्था आहेत ना? आहेत, आणि त्यांचा इतिहास अभिमानास्पद आहे. १८३२ साली मुंबई सरकारने मोकाट कुत्रे मारण्याची मोहीम चालविली. त्या वर्षी ६ जूनला पारशी बांधवांचा सण असताना कुत्रे मारण्यात आले, तेव्हा लोक खवळले आणि दंगल उसळली. पारशी, जैन आणि हिंदू व्यापाऱ्यांनी पेढ्या बंद ठेवल्या. त्या असंतोषातून १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईत भुलेश्वर भागात पांजरपोळ उभा राहिला. पुढे १८७४ साली जनावरांवरील क्रूरतेस आळा घालणारी संस्था मुंबईत निघाली, आणि त्याच्या पुढच्या दशकात दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावे परळला जनावरांचे रुग्णालय सुरू झाले. नागपुरात धंतोलीस गोरक्षण आहे. गावोगाव मोकाट गुरांसाठी कोंडवाडे होते. त्यासाठी १८७१ चा कायदा होता.

या सर्व यादीत मांजर कोठे आहे? गाय पूज्य म्हणून तिला गोरक्षण मिळाले. बैल-घोडे कामाचे, म्हणून त्यांना रुग्णालय मिळाले. पिके खाणाऱ्या गुरांना कोंडवाडा मिळाला. कुत्रा चावतो, त्याची भीती वाटते, म्हणून त्याच्यासाठी दंगल झाली आणि २००१ साली जन्मनियंत्रणाचे नियमही झाले. त्या नियमांच्या नावातच कुत्र्यांचा उल्लेख होता. मांजर पूज्य नाही, ओझे वाहत नाही, पीक खात नाही, अंगावर धावून येत नाही. त्यामुळे त्याच्यासाठी काही करावे, अशी निकड समाजाला फारशी कधी भासली नाही. शिवाय त्याचा स्वभावही संस्थेला मानवणारा नाही. गाय गोठ्यात शंभर गाईंबरोबर राहते. मांजराला शंभर मांजरांत कोंडले तर ते भीतीने कोपरा धरून बसते, आणि एकाचा आजार सर्वांना होतो. त्याला हवे असते एक घर, त्यातली ठरावीक माणसे आणि ओळखीचा कोपरा. म्हणून मांजराचा पांजरपोळ म्हणजे शेवटी कोणाचे तरी घरच.

कायदा मात्र मांजराला विसरलेला नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा स्पष्ट सांगतो की, उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावराला सबळ कारणावाचून टाकून देणे हा गुन्हा आहे. म्हणजे पिल्ले पोत्यात घालून नदीपलीकडे सोडणे हे निव्वळ निष्ठुरपणाचे कृत्य नाही, तो अपराध आहे. त्या कायद्याने पहिल्या अपराधासाठी ठरविलेला दंड दहा ते पन्नास रुपयांचा. इतक्या दंडाने कोणी भिणार नाही. जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथे माणसाच्या अंतःकरणालाच बोलावे लागते.

उपयोगावाचून दिलेला आसरा

आता आपण मूळ प्रश्नाशी येतो. मांजर कामाचे होते तोवर त्याला घर होते. काम संपले. आता त्याला घर द्यायचे ते कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या भूमीत फार पूर्वी दिले गेले आहे. विदर्भाशी जवळचे नाते असलेल्या महानुभाव पंथाच्या 'लीळाचरित्र' या तेराव्या शतकातील ग्रंथात चक्रधरस्वामींची एक लीळा आहे. पारध्यांनी पाठलाग केलेला एक ससा पळत येऊन स्वामींच्या मांडीखाली दडला. पारधी आले, त्यांनी ससा मागितला. स्वामींनी तो दिला नाही, कारण तो आश्रयाला आला होता. त्या सशाचा स्वामींना काही उपयोग नव्हता. तो जीव भ्याला होता आणि त्यांच्यापाशी आला होता, एवढेच कारण त्यांना पुरेसे झाले.

आपल्या ख्रिस्ती परंपरेतही असे दाखले आहेत, आणि त्यांतील दोन तर मांजरांचेच आहेत. संत फिलिप नेरी हे सोळाव्या शतकात रोम शहरात राहणारे आनंदी वृत्तीचे धर्मगुरू. सान जिरोलामो येथील मठात ते तीस वर्षांहून अधिक काळ राहिले. १५८३ साली त्यांना वाल्लिचेल्ला येथील नव्या निवासात जावे लागले, तेव्हा त्यांचे मांजर जुन्या खोलीतच राहिले. मांजराला माणसापेक्षा जागेचा लळा अधिक, हे त्यांनी ओळखले असावे. पण ते त्याला विसरले नाहीत. आपल्या शिष्यांपैकी कोणाला तरी ते रोज जुन्या मठाकडे धाडीत. खोलीची किल्ली न्यायची, बाजारातून मांजरासाठी खाणे घ्यायचे आणि परत येऊन त्याची खुशाली सांगायची. मोठमोठे पाहुणे बसलेले असतानाही ते मांजराची चौकशी करीत. कुलीन घरांतल्या त्या तरुणांना हे काम लाजिरवाणे वाटे. त्यांचा अहंकार मोडावा हाही गुरूचा हेतू होता, असे चरित्रकार म्हणतात. तो असेल. पण मांजर जगले, हेही तितकेच खरे.

दुसरे संत मार्टिन डी पोरेस, पेरू देशातील लिमा शहरचे. १५७९ ते १६३९ हा त्यांचा जीवनकाळ. वर्णाने सावळे, जन्माने उपेक्षित, डोमिनिकन मठात रुग्णसेवा करणारे ब्रदर. मठात आजारी माणसांनाच जागा अपुरी, तेथे लुळीपांगळी कुत्री-मांजरे कोठे ठेवणार? वरिष्ठांनी हरकत घेतली तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. ते आपल्या बहिणीच्या घरी गेले आणि तेथे त्या प्राण्यांसाठी जागा मागून घेतली. एकाच थाळीतून कुत्रा, मांजर आणि उंदीर खात आहेत, असे त्यांचे चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. पोप तेविसावे जॉन यांनी १९६२ साली त्यांना संतपद दिले. त्यांच्या चरित्रातील बहिणीच्या घराचा हा प्रसंग आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. मठाचे रुग्णालय रुग्णांसाठी राहिले आणि प्राण्यांना घर मिळाले. एकाच्या तोंडचा घास काढून दुसऱ्याला देण्याची वेळ त्यांनी येऊ दिली नाही.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही हाच तोल सांभाळलेला दिसतो. प्राणी ही परमेश्वराची निर्मिती आहे, त्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे तो सांगतो. त्याच वेळी, माणसाचे दुःख निवारण्यासाठी आधी खर्चावयाचा पैसा प्राण्यांवर उधळू नये, असेही बजावतो. शेजारचे मूल स्वेटरवाचून कुडकुडत असता मांजरासाठी मखमली गादी विकत आणणे, हे कोणत्याच धर्मात बसणारे नाही. पण पिल्लाला थंडीतून वाचवायला पैसा लागतोच कोठे? लागतो तो थोडा विचार आणि थोडी जागा.

थंडीच्या आधी

म्हणून खापा असो, वसई असो वा आपले कोणतेही गाव असो, दिवाळी आणि नाताळ यांच्या मधल्या दिवसांत काय करता येईल, ते थोडक्यात सांगून आम्ही हा लेख पुरा करतो.

पिल्लू आईपासून तोडायचे ते निदान आठ आठवड्यांचे झाल्यावर. त्याआधी ते इतर कोणाच्या घरी सहसा टिकत नाही. घर शोधायचे ते जुन्याच रीतीने, तोंडी. किराणा दुकानदार, गोदाम असणारा, शेतावर राहणारा, एकटी राहणारी आजी, अशांना अजूनही मांजर हवे असते. विचारणारा मात्र कोणी नसतो. रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात चार कुटुंबांना विचारायला कितीसा वेळ लागतो? नव्या घरी पिल्लाला दोन-तीन आठवडे घरातच ठेवावे. लगेच मोकळे सोडले तर ते जुन्या घराच्या शोधात निघते आणि वाटेत मरते. मोठ्या मांजराला दूधच हवे, ही समजूतही सोडून द्यावी. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. स्वच्छ पाणी आणि घरातल्या मासळी-मटणाचा शिजवलेला, काटे-हाडे काढलेला वाटा त्यांना पुरेसा होतो.

घर मिळेपर्यंत आसरा हवा. त्यासाठी खोक्याला मांजर शिरेल एवढेच भोक ठेवावे, खाली विटा देऊन ते जमिनीपासून उचलावे, वरून प्लॅस्टिक घालावे आणि आत कुटार किंवा तणस भरावे. जुनी गोधडी घालण्याचा मोह होतो. पण गोधडी दव पिते आणि उलट गारठा धरते, तणस कोरडे राहते. आसरा न मिळालेली मांजरे रात्री मोटारीच्या गरम यंत्राखाली शिरतात. म्हणून थंडीत सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी झाकणावर दोन थापा माराव्यात. मांजरी पाच-सहा महिन्यांची होताच पुन्हा पिल्ले देण्याजोगी होते. तेव्हा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नसबंदीची आणि रेबीजच्या लसीची चौकशी करावी. तसे केले तर पुढच्या दिवाळीला तोच प्रश्न पुन्हा दाराशी येत नाही. चार कुटुंबांनी मिळून एका मांजरीचा खर्च उचलला तर तो कोणालाच जड होत नाही.

ब्यूकॅननसाहेबांनी वऱ्हाडात मांजरे मोजली ती प्लेगाच्या भीतीने. आपल्याला तशी भीती आता नाही. आपल्या गल्लीत, आपल्या धर्मग्रामात या हिवाळ्यात उघड्यावर किती पिल्ले आहेत, हे एकदा मोजून पाहायला मुलांना सांगावे. आकडा फार मोठा येणार नाही; घरांच्या संख्येपेक्षा तर निश्चितच कमी येईल. नाताळच्या गोठ्यासाठी तणस आणाल तेव्हा एक पेंढी जास्त आणावी, आणि गोठा सजविण्याआधी ती मागल्या दारच्या खोक्यात पसरून ठेवावी.